तेहतीस बटणांची पिशवी

मामी,

परवा रेशन दुकानात गेलो होतो, तुमचं नाव कापायला. 'कापायला' हा शब्द मला आवडत नाही, पण कार्डावरून नाव कमी करण्याला आपल्याकडं सगळे तसंच म्हणतात. दुकानदारही म्हणाला, मावशीचं नाव कापायचं तर तहसीलला मृत्यूचा दाखला द्यावा लागेल. त्याचं ऐकता ऐकता माझी नजर लाइनीकडं गेली. सकाळच्या लाइनीत माणसं कमी आणि पिशव्या जास्त, हे तुम्हाला मी काय सांगायचं. माणसं सावलीला गप्पा मारत बसलेली, पिशव्या उन्हात ओळीनं उभ्या. शेवंताबाईची पिशवी होती, रजिया आपाचा तेलाचा रिकामा डबा होता, आणि त्या दोघींच्या मध्ये एक वीट होती.

ही वीट कुणाची, म्हणून मी विचारलं. शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "तुमच्या सासूची. पिशवी तुमच्या घरी हाय, म्हणून वीट ठिवली. तिची जागा आमी मोडली न्हाई."

मला आधी हसू आलं आणि मग रडू आलं. भर बाजारात पन्नाशीकडं झुकलेला माणूस विटेकडं बघून रडतोय, हे बरं दिसत नाही, म्हणून मी चष्मा पुसत घरी आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, चष्मा फुटंल, पाव्हणं, इतका पुसू नका.

तुमच्या घरी मी राहायला आलो तो दिवस मला आठवतो. लातूरचा तेलाचा कारखाना बंद पडला होता. स्टोअरकीपरची माझी नोकरी गेली, भाड्याच्या दोन खोल्या परवडेनात, आणि सुरेखा म्हणाली, नांदेडला आईकडं जाऊ. आईकडं म्हणजे तिच्या आईकडं. तिला ते सोपं होतं. मी मात्र लोहा गाव येईपर्यंत बसमध्ये तोंड फिरवून बसलो होतो. जावयानं सासुरवाडीला चार दिवस राहावं, जेवून ढेकर द्यावा आणि निघावं. बिऱ्हाड घेऊन, गॅसची शेगडी मांडीवर धरून कुणी सासुरवाडीला जातं का? तुम्ही दारात उभ्या होतात. डोक्यावर पदर, हातात भाकरतुकडा. ओवाळून टाकलात आणि शेगडीकडं बघून म्हणालात, "बरं झालं, माझी शेगडी एका बाजूनंच पेटते."

त्या एका वाक्यानं माझं अर्धं ओझं उतरलं. अर्धंच. बाकीचं उतरायला श्रावण यावा लागला.

तुमचं घर चालत होतं निराधार योजनेच्या पगारावर आणि काज-बटणावर. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवणाऱ्या टेलरकडून तुम्ही गठ्ठे आणायचात आणि दुपारभर बटणं लावायचात. मोजणं मात्र तेलुगूतून. ओकटी, रेंडू, मूडू. देगलूरच्या माहेरातून तुम्ही एवढीच इस्टेट आणली, असं तुम्हीच म्हणायचात. त्या पहिल्या महिन्यात कुणी घरी आलं आणि विचारलं, पाव्हणं काय करतात, की मी पाणी प्यायला आत जायचो. तुम्ही बाहेरून खणखणीत आवाजात सांगायचात, सध्या घरात पगारदार मीच हाय, पाव्हण्यांना जरा इसावा हाय. निराधारचा तो पगार महिना-महिना यायचा नाही, पण तुमचा रुबाब खजिन्यातल्या साहेबाचा होता.

काटकसर ही दुःखी माणसाची गोष्ट असते असं मला तोवर वाटायचं. तुमच्याकडं तो खेळ होता. काळ्या रंगानं रंगवलेला डबा गच्चीवर ठेवून अंघोळीचं पाणी उन्हात तापवायचं आणि कुणाचं पाणी जास्त तापलं यावर शेजारणीशी भांडायचं. धान्य-मसाल्याचं येसर भाजून ठेवायचं म्हणजे भाजी महागली की आमटीत लोटायचं. रेशनच्या तांदळाची धिरडी तुम्ही इतकी पातळ घालायचात की गौरी त्यातून तुमच्याकडं बघून हसायची. माझी पोरगी लातूरला पानात टाकायची, तुमच्याकडं मागून घ्यायला शिकली.

आणि मी? मी 'नाही' म्हणायला शिकलो होतो. आणखी एक भाकरी? नाही. चहा? नाही. भूकच नाही. चप्पल तुटली होती तरी नवी नको, शिवून चालते. तुम्ही एकदा भाकरी थापता थापता म्हणालात, पाव्हणं, तुमचा न्हाई म्हणायचा ह्या महिन्याचा कोटा संपला, आता पुढच्या महिन्यात या.

सगळ्यात मोठं 'नाही' होतं रेशनकार्डाचं. तुम्ही सुरेखाचं आणि गौरीचं नाव लातूरहून कापून आणलंत आणि तुमच्या कार्डावर लावलंत. माझं तेवढं राहिलं, कारण मी अडून बसलो. कार्डावर कुटुंबप्रमुख तुम्ही, आणि खाली माझं नाव, नात्याच्या रकान्यात 'जावई'. म्हणजे सरकारी शिक्का मारून घरजावई. त्यापेक्षा उपाशी राहीन, असं मी सुरेखाला रागानं बोललो आणि ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही रागावला नाहीत. त्या दिवशी ताटात भात वाढताना हळूच म्हणालात, "खावा खावा. हे रेशनचं न्हाई. हे रेशनच्या शेजारचं हाय."

सुरेखा तोंडाला पदर लावून उठून गेली. मी तो भात खाल्ला. एकाच पातेल्यातला भात तुम्ही त्यानंतर रोज मला 'शेजारचा' म्हणून वाढलात, आणि मीही मान खाली घालून शेजारचा म्हणून खात राहिलो.

मग अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. मी म्हणालो, या वर्षी धोंडे वगैरे काही नको, मी काय पाहुणा आहे का, घरातच तर पडलोय. तुम्ही सुईत दोरा ओवत होतात. दोरा ओवून गाठ मारलीत. मग मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलंत, की हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण, त्यांना पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस जाळीदार वस्तूंचं वाण द्यायचं. अनारसे द्या, बत्तासे द्या, वस्तूला भोकं पाहिजेत. आणि शेवटी सुई माझ्याकडं रोखून म्हणालात, वाणाला जावयानं न्हाई म्हणायचं नसतं. तेवढा अधिकार नारायणाला बी न्हाई.

मी मनात म्हटलं, अनारसे करायला तूप कुठून आणणार, बत्तासे देतील. पाडव्याला रेशनला मिळालेली हरभऱ्याची डाळ तुम्ही पत्र्याच्या डब्यात लपवून ठेवली होती, हे मला नंतर कळलं. त्या डाळीचं पुरण, रेशनच्या गव्हाची पारी, असे धोंडे तुम्ही उकडलेत. दूध शेजारणीकडून आलं. मला नि सुरेखाला पाटावर बसवलंत, कुंकू लावलंत, आणि वाणाचं ताट समोर ठेवलंत. वरचं फडकं मी उचललं. ताटात अनारसे नव्हते आणि बत्तासेही नव्हते. एक पिशवी होती.

गणवेशाच्या उरलेल्या कापडाची, निळी आणि खाकी चौकडे जोडून शिवलेली, दुहेरी शिवणीची दणकट पिशवी. आणि तिच्यावर सगळीकडं बटणं. पांढरी, काळी, कोटाची मोठी, कुठल्यातरी स्वेटरची लाल. गौरीनं तिथंच बसून मोजली. तेहतीस.

"भोकं पाहिजेत ना?" तुम्ही म्हणालात. "एकेकाला चार-चार हायेत. बत्ताशाला तरी असत्यात का येवढी?"

मी पिशवी हातात घेतली. तळाशी मूठभर तांदूळ होते, कारण रिकामी पिशवी द्यायची नसते. मला तेव्हाच समजलं, पण मी भाबडेपणानं विचारलं, ही कशासाठी? तुम्ही पदर सावरला आणि अगदी साधेपणानं म्हणालात, "रेशनसाठी. नाव लावायचा कागद सुरेखानं आणलाय, सही करा. आता वाण घेतलंत, न्हाई म्हणता येत न्हाई."

तुम्ही मला त्या दिवशी शास्त्राच्या दोरीनं बांधलंत, मामी. मी चिडलो, लाजलो, पण हसलोही. कारखाना बंद झाल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो, असं सुरेखा अजून सांगते. आणि त्या दिवशी मी किती धोंडे खाल्ले ते कुणी मोजलं नाही, हे बरंच झालं.

पिशवी घेऊन लाइनीत उभा राहिलो त्या सकाळी मला वाटलं होतं की सगळं नांदेड माझ्याकडं बघून हसणार. सगळं नांदेड नाही, पण सगळी लाइन हसली. तुम्ही आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शेवंताबाई म्हणाल्या, हेच का ते बटणाचं वाण, दाखवा बघू. रजिया आपांनी एक बटण ओढून शिवण तपासली. लाज वाटायला माणसाला थोडा एकांत लागतो, तो त्या बायकांनी मला दिलाच नाही. पंधरा मिनिटांत मला कळलं की कुणाच्या मुलाची भाड्याची गाडी बंद पडली, कुणाचा नवरा हैदराबादला बांधकामावर जाऊन मजुरी न मिळताच परत आला, कुणाची सून शिकलेली असून घरीच आहे. मी एकटाच घरी बसलो नव्हतो. एवढी साधी गोष्ट मला चार महिने घरात बसून कळली नव्हती.

मशीनवर माझा अंगठा उठेना. मी जोर लावत होतो. तुम्ही माझ्या पाठोपाठ आला होतात; मागून तुमचा आवाज आला, "दाबू नका. अंगठा ठेवायचा असतोय, दाबायचा नसतोय." ठेवला आणि उठला.

त्याच लाइनीत तुम्हाला कळलं की कारखाना बंद पडलेल्या कामगाराला विम्यातून काही महिने भत्ता मिळतो. तुम्ही मला विचारलंत, तुमच्या पगारातून इम्याचं कापत होते का? कापत होते. मग ते तुमचेच हायेत, चला. लातूरला मी एकटा गेलो असतो तर ऑफिसच्या पायरीवरून परत आलो असतो, हे तुम्हाला माहीत होतं. म्हणून तुम्ही अर्ध्या तिकिटात माझ्यासोबत निघालात. कंडक्टरला सांगितलंत, अर्ध्यात अख्खी येऊन राहिले, जागा जरा जास्त द्या. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तुम्ही ठेचा-भाकरी सोडलीत आणि बाजूच्या सीटवरच्या परक्या माणसाला अर्धी दिलीत. मी कुरकुरलो, आपल्यालाच कमी आहे. तुम्ही म्हणालात, त्याच्याकडं पाणी हाय, आपल्याकडं न्हाई. आणि खरंच, पुढं लातूरपर्यंत आपण त्याच्या बाटलीतलं पाणी प्यालो.

ऑफिसातल्या बाईंनी सध्याचं उत्पन्न विचारलं. मी घुटमळलो. तुम्ही पुढं झालात आणि म्हणालात की सध्या घरात पगारदार मीच हाय, पर माझी बी तब्येत बघून सांगा, किती दिवस चालावं. त्या बाई इतक्या हसल्या की त्यांनी कमी पडलेला कागद कुठून आणायचा ते स्वतः लिहून दिलं. भत्ता आला. थोडेच महिने आला, अर्ध्याच पगाराइतका आला, पण आला. पहिल्या पैशातून मी तुम्हाला विचारलं, काय आणू? तुम्ही म्हणालात, बटणं आणा, पिशवीपायी डबा रिकामा झालाय.

तुम्ही बाहेर मागत नव्हतात, घेत होतात. गुरुद्वारात लंगरला बसतानाही तुम्ही मला हेच सांगितलंत, की इथं पंगतीला बसलेला माणूस भिकारी नसतो, भुकेला असतो, आणि भूक सगळ्यांनाच लागते. मी म्हणालो, मी आधी वाटाणे सोलतो आणि मग जेवतो. तुम्ही म्हणालात, सोला, पर जेवल्यावर सोला, उपाशी माणूस सोलता सोलता वाटाणे खातो.

वर्षभरानं मला इथंच एका हार्डवेअरच्या गोदामात काम मिळालं. पगार लातूरपेक्षा कमी, पण महिन्याच्या महिन्याला. आणि आपलं भांडण तिथून सुरू झालं, जे अजून मिटलेलं नाही. मी म्हणालो, आता रेशन पुरे, कार्डच बंद करू. तुम्ही म्हणालात, तुम्हा तिघांची नावं काढा, बरोबर हाय, तुम्हाला आता लागत न्हाई, दुसऱ्याला मिळंल. माझं नाव ऱ्हाऊ द्या. मी म्हणालो, लोक काय म्हणतील, जावई कमावतो आणि सासू लाइनीत उभी. त्यावर तुमचं उत्तर अजून माझ्या कानात आहे.

"लोक काय म्हणत्यात ते मला ठाऊक हाय. मी लाइनीतच असते."

आम्ही तिघांची नावं काढली. तुमचं राहिलं. दर महिन्याला तुम्ही बटणांची पिशवी घेऊन जायचात, सकाळी गेलेल्या दुपारी यायचात. मी दर महिन्याला तोंड वाकडं करायचो. तुम्ही म्हणायचात, तिथं माझ्या मैतरणी हायेत, त्यांना काय फोन करू का? मी म्हणायचो, करा की. तुम्ही म्हणायचात, फोनमधून तोंडात शेंगदाणे घालता येत न्हाईत. वैशाखातच आपलं शेवटचं भांडण झालं. ऊन फार आहे, या महिन्यात जाऊ नका, असं मी जरा जोरात बोललो. तुम्ही पिशवी खुंटीला लावलीत आणि म्हणालात, बरं, पुढच्या धोंड्याला ठरवू, आता जवळच आलाय. मी म्हटलं, म्हणजे परत काहीतरी वाण देऊन बांधणार. तुम्ही नुसत्या हसलात.

धोंडा आला. तुम्ही तेवढ्या थांबला नाहीत. दुपारी जरा पडते म्हणालात, ते पडूनच राहिलात. सुईला दोरा ओवलेला तसाच होता. ते भांडण जिंकायची माझी आता काही इच्छा राहिली नाही, मामी. तुम्ही परत येऊन जिंका.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तुम्ही लाइनीत नसायचात त्या दिवशी ती पिशवी मी भाजीला न्यायचो आणि सांगायचो की प्लास्टिक बंद आहे म्हणून. तसं काही नव्हतं. ती खांद्याला असली की मला बरं वाटायचं. मंडईत कुणीतरी विचारायचंच, ही कसली पिशवी हो? मी सांगायचो, सासूनं दिलंय, धोंड्याचं वाण. सांगताना मला एकदाही लाज वाटली नाही. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही वर्षभर चिडवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. आता वाटतं, चिडवू द्यायला पाहिजे होतं.

या वर्षी आमच्या घरी धोंडे नव्हते. सुरेखा म्हणाली, आई जाऊन महिना झाला नाही, आणि वाण देणारीच नाही तर घेणार कुणाकडून. मलाही ते पटलं. काल रविवारी दुपारी मी खाटेवर पडलो होतो. दार वाजलं. दारात शेवंताबाई, त्यांच्या मागं रजिया आपा, त्यांच्या मागं लाइनीतल्या आणखी बायका. सगळ्यांच्या हातात डबे. सुरेखा गोंधळली, म्हणाली, घरात दुखवट्याचं वर्ष आहे. शेवंताबाई म्हणाल्या, "वर्ष तुमच्या घराला हाय, आमच्या घराला न्हाई. तिचा जावई तो लाइनीचा जावई. तिनं तीन वर्सं आधीच सांगून ठिवलंय."

त्यांनी आम्हाला पाटावर बसवलं. प्रत्येकीच्या डब्यात रेशनच्या गव्हाचे दोन-दोन धोंडे होते, कुणाचे गोल, कुणाचे फुटलेले. मग वाण. शेवंताबाईंनी बत्तासे आणले होते. रजिया आपांनी पदराखालून चहाची गाळणी काढली, नवी कोरी. "अम्मा बोली थी, दामाद को छेदवाली चीज देना पड़ता," त्या म्हणाल्या. "छेद तो हमारी छत को भी है, पर उसको कैसा उठाके लाती?"

सगळ्या हसल्या. सुरेखा हसता हसता रडायला लागली, आणि मग सगळ्याच.

माझ्या हातात आता पगार आहे, मामी. त्या बायकांपैकी बऱ्याच जणींपेक्षा माझं बरं चाललंय. ते धोंडे त्यांच्या घरात कमी पडणार होते हे मला कळत होतं, आणि नेहमीचा शब्द अगदी ओठावर आला होता. मी उठलो, खुंटीवरची पिशवी काढली आणि दोन्ही हातांनी तोंड उघडून त्यांच्यापुढं धरली. बत्तासे पडले, गाळणी पडली, कुणीतरी मूठभर तांदूळ टाकले. शेवंताबाई म्हणाल्या की लाइनीतली वीट तशीच राहील, कुणाला नव्यानं लाइनीला यायची वेळ आली तर तिथं उभं करू. मी म्हणालो, बरं. मग त्या वाढायला बसल्या. एक झाला, दोन झाले. आणखी घ्या म्हणाल्या.

मामी, मी नाही म्हणालो नाही.